जिफ की गिफ, सिक्वेल की एसक्यूएल? कॉम्प्युटरमधल्या शॉर्ट नावांचे उच्चार आणि त्यावरची भांडणं

माझी पहिली नोकरी एका उच्चारामुळे हुकली, असं मी गमतीनं सांगत असतो. पूर्ण खरं नाही, पण बरंचसं खरं आहे.

डिप्लोमा नुकताच संपला होता. पुण्यातल्या एका कंपनीची फोनवरची पहिली फेरी होती. खाली घरात रेंज यायची नाही म्हणून मी गच्चीवर उभा होतो. पलीकडच्या सरांनी विचारलं, "सिक्वेलवर काम केलंय का?" सिनेमाचा सिक्वेल मला माहीत होता, कॉम्प्युटरचा नाही. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "नाही सर, ते आम्हाला सिलॅबसला नव्हतं." ते "ओके" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. पाच मिनिटांत फोन संपला. संध्याकाळी मित्राला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, सिक्वेल म्हणजेच एसक्यूएल!"

एसक्यूएल मला येत होतं. चांगलं येत होतं. दोन वर्षं लायब्ररीतल्या पुस्तकातून क्वेरी वहीत उतरवल्या होत्या, लॅबमध्ये चालवून बघितल्या होत्या. पण पुस्तक बोलत नाही. आमचे सर 'एसक्यूएल' म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. जगात कुठे त्याला दुसरं काही म्हणतात हे कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हा लेख. कोणत्या शब्दाचा उच्चार काय, त्यावर प्रोग्रामर लोक का भांडतात, आणि त्या भांडणात तुम्ही कुठे उभं राहायचं, हे सगळं एका ठिकाणी.

## आधी एक साधी गोष्ट: शॉर्ट नाव तोंडात दोन तऱ्हेनं येतं

पहिली तऱ्हा म्हणजे एकेक अक्षर म्हणायचं. पीडीएफ, यूएसबी, जीपीएस, ओटीपी, यूपीआय. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळी अक्षरं जोडून एक शब्द करायचा. रॅम, रॉम, सिम, लॅन, पॅन. सिम म्हणजे 'सबस्क्रायबर आयडेंटिटी मॉड्यूल', पण 'एस-आय-एम कार्ड द्या' असं दुकानात कोणी म्हणत नाही.

कुठे कोणती तऱ्हा, याचा पक्का नियम नाही. ढोबळ अंदाज एवढाच, की अक्षरांच्या मध्ये स्वर असेल आणि जिभेवर सहज बसत असेल तर लोक शब्द करतात. एचटीएमएलचा शब्द करून बघा, होत नाही. रॅमचा आपोआप होतो.

भांडण होतं ते मधल्या नावांवर, कारण ती दोन्ही तऱ्हांनी म्हणता येतात. शिवाय शब्द करायचा ठरलं, तरी इंग्रजीत एका अक्षराचे दोन-दोन उच्चार असतात. मग कोणता घ्यायचा? झाली दुसऱ्या भांडणाची सोय.

## ही नावं बोटांसाठी होती, तोंडासाठी नाही

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. तेव्हा समोर आजच्यासारखा स्क्रीन नसायचा. टेलिटाइप नावाचं, टाइपरायटरसारखं खडखडणारं यंत्र असायचं. ते सेकंदाला साधारण दहा अक्षरं कागदावर छापायचं. बटणंही जड. अशा यंत्रावर दिवसभर काम करणारा माणूस लांबलचक नावं कशाला ठेवेल?

म्हणून 'कॉपी'चं सीपी झालं, 'मूव्ह'चं एमव्ही, 'लिस्ट'चं एलएस, 'रिमूव्ह'चं आरएम. फाइल तयार करायच्या सिस्टिम कॉलचं नाव तर 'क्रिएट'मधलं शेवटचं ई अक्षर गाळून ठेवलं. पुढे थॉम्प्सनना कोणी विचारलं, की युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल? ते गाळलेलं ई परत लावीन, असं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे.

मुद्दा लक्षात आला ना? ही नावं टाइप करायला केली होती. ती मोठ्यानं म्हणायची वेळ नंतर आली, आणि प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक कॉलेजात वेगवेगळी आली. एका लॅबमध्ये जे रुळलं ते तिथे बरोबर ठरलं. दुसऱ्या लॅबमध्ये दुसरंच रुळलं.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा गाभा आहे आणि लिनक्स युनिक्सच्या वळणावर बनलेलं आहे. त्यामुळे ही सगळी नावं तुमच्या खिशातही आहेत. त्यातल्या एका फोल्डरचं नाव ई-टी-सी. कोणी त्याला 'एटसी' म्हणतं, कोणी 'ई-टी-सी', कोणी 'एटसेटरा'. दुसरी प्रसिद्ध कमांड एस-यू-डी-ओ. ती 'सू' आणि 'डू' या दोन शब्दांची जोड आहे, म्हणून एक गट 'सूडू' म्हणतो. दुसरा गट म्हणतो 'सूडो', कारण इंग्रजीत 'खोटा, नकली' या अर्थाचा तसाच ऐकू येणारा शब्द आधीपासून कानात बसलेला आहे. जोड बघितली तर सूडू बरोबर. ऑफिसात ऐकाल तर दोन्ही.

## सगळ्यात मोठं भांडण: जिफ की गिफ?

व्हॉट्सॲपच्या कीबोर्डवर तीन अक्षरांचं बटण असतं. जी, आय, एफ. पूर्ण नाव 'ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट'. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या टीमनं हा फॉरमॅट १९८७ मध्ये आणला. इंटरनेट फार हळू होतं, म्हणून चित्र लहान जागेत बसवणं ही गरज होती. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, आणि बरीच चित्रं एकापाठोपाठ दाखवायची सोय. हलतं चित्र इथूनच आलं.

विल्हाइट यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: उच्चार 'जिफ'. अमेरिकेत याच नावाचं एक शेंगदाण्याचं बटर मिळतं आणि कॉम्प्युसर्व्हमधले लोक त्याच्या जाहिरातीवरून कोटीही करायचे. २०१३ मध्ये विल्हाइट यांना वेबी पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला. तिथे ते भाषण करायला उभे राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. पडद्यावर हलतं चित्र लावलं आणि त्यात सांगितलं, की उच्चार जिफ आहे, गिफ नाही. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. भांडण मात्र चालूच आहे.

गिफवाल्यांची बाजू अशी. जी हे अक्षर 'ग्राफिक्स'मधून आलंय आणि ग्राफिक्सला कोणी 'ज्राफिक्स' म्हणत नाही. शिवाय 'गिफ्ट'मधला टी काढा, राहतं गिफ.

जिफवाल्यांचं उत्तर जोरदार आहे. जेपेग घ्या. त्यातलं पी हे अक्षर 'फोटोग्राफिक'मधलं आहे आणि त्याचा उच्चार 'फ' होतो. मग तुम्ही 'जेफेग' का म्हणत नाही? म्हणजे मूळ शब्दातला आवाज शॉर्ट नावात जसाच्या तसा यावा असा नियम नाहीच. आणि गिफ्ट असेल तर जिराफही आहे, जिंजरही आहे, जिमही आहे.

मग इंग्रजी काय सांगतं? इंग्रजी दोन्ही सांगतं. जी नंतर ई, आय किंवा वाय आलं की लॅटिन-फ्रेंच वाटेनं आलेल्या शब्दांत बहुतेक वेळा 'ज' होतो: जायंट, जेम, जनरल. गिव्ह, गेट, गर्ल, गिफ्ट हे जुन्या जर्मानिक कुळातले शब्द 'ग' धरून बसलेत. गिफ/जिफ हा शब्द यातल्या कुठल्याच कुळातला नाही, तो १९८७ मध्ये जन्मलाय. म्हणून व्याकरणाच्या पुस्तकातून निकाल लागत नाही. ऑक्सफर्डच्या शब्दकोशानंही दोन्ही उच्चार दिलेत.

मी स्वतः 'गिफ' म्हणतो. निर्मात्याबद्दल पूर्ण आदर ठेवून.

एक गंमत जाता जाता: व्हॉट्सॲपवर तुम्ही जी पाठवता ती बहुतेक वेळा खरी जिफ फाइल नसतेच. आतून तो एमपीफोर प्रकारचा छोटा, मुका व्हिडिओ असतो. म्हणजे ज्या नावावरून तीस-पस्तीस वर्षं लोक भांडले, त्यातलं फक्त नाव उरलंय.

## माझं दुखणं: सिक्वेल की एसक्यूएल?

इथे निकाल थोडा सोपा आहे, कारण इतिहास स्पष्ट आहे.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती टेबलांमध्ये कशी मांडावी याचं गणिती मॉडेल मांडलं. आयबीएमच्या सॅन होजेतल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर चालणारी भाषा बनवली. १९७४ च्या त्यांच्या पेपरमध्ये तिचं नाव होतं 'स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज', आणि ते जोडून लिहिलं होतं सिक्वेल. सहा अक्षरांचा पूर्ण शब्द, स्वरांसकट. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुण वयात वारले.

पुढे कळलं, की सिक्वेल हे नाव ब्रिटनच्या एका विमान कंपनीचा ट्रेडमार्क आहे. मग स्वर काढून टाकले आणि उरली तीन अक्षरं. एस, क्यू, एल. कागदावरचं नाव बदललं, पण ज्यांच्या तोंडात सिक्वेल बसलं होतं त्यांचं तोंड कोण बदलणार? त्यांनी पुढच्यांना तेच शिकवलं. अमेरिकन कंपन्यांमधून ते इकडे आपल्या आयटी ऑफिसांत आलं. पुस्तकातून शिकणाऱ्यांना तीन अक्षरं दिसली, त्यांनी तीन अक्षरं म्हटली. दोन वाटा, दोन उच्चार. माझा फोन या दोन वाटांच्या मधे पडला.

या भाषेवर उभ्या असलेल्या डेटाबेसची नावं म्हणजे आणखी मजा:

- मायएसक्यूएल: त्यांच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये उच्चार 'माय-एस-क्यू-एल' असाच दिलाय. आणि लगेच पुढे म्हटलंय, की तुम्ही 'माय सिक्वेल' म्हणालात तरी आमची हरकत नाही. यातलं 'माय' हे इंग्रजी 'माझं' नाही. संस्थापकांपैकी एक, मायकेल विडेनियस, यांच्या मुलीचं ते नाव. स्वीडिशमध्ये त्याचा उच्चार 'म्यू'च्या जवळ जातो. आपण वाचतो माय. मुलगी राहिली बाजूला, आपल्याकडे ती आईच झाली.
- पोस्टग्रेसक्यूएल: अधिकृत उच्चार 'पोस्ट-ग्रेस-क्यू-एल'. बर्कलीमध्ये आधी 'इंग्रेस' नावाचा डेटाबेस होता, त्याच्या नंतरचा म्हणून पोस्टग्रेस. बोलताना बहुतेक जण 'पोस्टग्रेस'वर थांबतात. तेच सोपं.
- एसक्यूलाइट: तुमच्या फोनमधली असंख्य ॲप्स आपली माहिती यातच ठेवतात. निर्माते रिचर्ड हिप 'एस-क्यू-एल-आइट' म्हणतात, ग्रॅनाइट किंवा बॉक्साइट म्हणावं तसं. एखाद्या खनिजाचं नाव असल्यासारखं.
- एसक्यूएल सर्व्हर: मायक्रोसॉफ्टचा. इथे 'सिक्वेल सर्व्हर' जास्त ऐकू येतं.

## चार म्हणजे किती?

सी ही भाषा शिकताना पहिल्या आठवड्यातच एक शब्द येतो. सी, एच, ए, आर. 'कॅरेक्टर'चं शॉर्ट, म्हणजे एक अक्षर ठेवायची जागा. आता हा वाचायचा कसा? मूळ शब्द कॅरेक्टर, म्हणून काही जण 'कॅर' किंवा 'केअर' म्हणतात. लिहिलंय तसं वाचणारे 'चार' म्हणतात. 'कार' म्हणणारेही आहेत.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी हे भांडण फक्त सवयीचं आहे. आपल्यासाठी त्यात एक जास्तीचा खड्डा आहे, कारण मराठीत चार हा आकडा आहे. लॅबमध्ये मित्राला सांगितलं, "चार ॲरे घे, साइज दहा." त्यानं इमानदारीत चार ॲरे घेतले, प्रत्येकी दहाचे. एरर आली नाही, पण प्रोग्रामही चालला नाही. चूक शोधायला अख्खं प्रॅक्टिकल गेलं. तेव्हापासून मराठीत समजावून सांगताना मी 'कॅर' म्हणतो आणि इंग्रजीत बोलताना 'चार'. तत्त्व वगैरे काही नाही, समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच.

## ज्यांचे उच्चार निर्मात्यांनीच सांगून ठेवलेत

काही लोकांनी भांडण व्हायच्या आतच खुलासा करून ठेवला. ऐकलं किती जणांनी, ते वेगळं.

लिनक्स. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलं. लोक 'लायनक्स' म्हणायला लागले, कारण इंग्रजीत लिनस या नावाचा उच्चार 'लायनस' होतो. टॉरवल्ड्स यांनी स्वतःच्या आवाजात, मी लिनक्सला लिनक्स म्हणतो, एवढंच सांगणारी छोटी ऑडिओ फाइल रेकॉर्ड केली. इंग्रजीत एक आणि स्वीडिशमध्ये एक, कारण त्यांची मातृभाषा स्वीडिश. सुरुवात 'लाय'ने नाही, 'लि'ने. मराठीत आपण पहिल्यापासून लिनक्सच लिहितो, म्हणजे इथे आपण बरोबर.

ग्नू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला प्रकल्प. इंग्रजीत याच स्पेलिंगचा एक प्राणी आहे आणि त्याचा उच्चार 'नू' होतो. पण प्रकल्पाचा उच्चार 'ग्नू', ग स्पष्ट म्हणायचा. 'नू' म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'न्यू' वाटेल, म्हणून ही काळजी. मराठी जिभेला 'ग्न' नवीन नाही. अग्नी, मग्न, नग्न आपण रोज म्हणतो.

पीएनजी. जिफच्या आतलं एक तंत्र युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होतं. १९९४ च्या शेवटी त्यावरून वाद पेटला, तेव्हा पर्याय म्हणून लोकांनी हा फॉरमॅट बनवला. १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्या अधिकृत दस्तऐवजात उच्चार दिलाय 'पिंग'. मी आजवर कोणाच्याही तोंडून 'पिंग फाइल पाठव' असं ऐकलेलं नाही. जिफचं भांडण डोळ्यांसमोर होतं म्हणून यांनी उच्चार आधीच लिहून ठेवला, तरी लोकांनी ऐकलं नाहीच.

जेसन. ॲप आणि सर्व्हर एकमेकांना माहिती पाठवतात ती बऱ्याचदा या रूपात. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ते रूढ केलं. एकमा या संस्थेच्या मानकात उच्चार 'जेसन' दिलाय, ग्रीक कथेतल्या वीराच्या नावासारखा. 'जेसॉन' म्हणणारेही भरपूर आहेत.

टेक. डोनाल्ड क्नूथ यांनी गणिताची पुस्तकं नीट छापता यावीत म्हणून १९७८ मध्ये बनवलेली प्रणाली. लिहिताना शेवटी एक्स दिसतो, पण तो एक्स नाहीच. ते ग्रीक अक्षर आहे. म्हणून 'टेक्स' नाही, तर 'टेक' किंवा घशातून घासत आलेला 'टेख'. क्नूथ यांनी आपल्या पुस्तकात गमतीनं म्हटलंय, की नीट उच्चार केला तर समोरचा स्क्रीन थोडा ओला होईल. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर उभं केलेलं ते 'लाटेक' किंवा 'लेटेक'. लॅम्पोर्ट यांचा कुठल्याच उच्चाराचा आग्रह नाही.

इंजिन-एक्स. जगातल्या कितीतरी वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात तो. स्पेलिंग एन, जी, आय, एन, एक्स. इगोर सिसोएव्ह यांनी बनवला. उच्चार 'इंजिन-एक्स'. हा ऐकल्याशिवाय कळूच शकत नाही, आणि त्याबद्दल मी शेवटी पुन्हा बोलणार आहे.

## तुमच्या फोनच्या खोक्यावरची भांडणं

ओलेड. एलईडीला आपण एकेक अक्षर लावून 'एलईडी' म्हणतो. मग पुढे ओ लागला तर 'ओ-एलईडी' व्हायला हवं. काही जण म्हणतातही. पण 'ओलेड' जिभेला सोपं म्हणून तेही चालतं. ॲमोलेड तर जवळपास शब्दच झालाय.

गिगाबाइट. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ राक्षस, महाकाय. इंग्रजीत याचेही दोन उच्चार, गिगा आणि जिगा. १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' सिनेमात शास्त्रज्ञ 'जिगावॉट' म्हणतो, ते चुकीचं नव्हतं. आता गिगाच सगळीकडे आहे. म्हणजे एकाच जी अक्षराच्या दोन भांडणांपैकी एक मिटलं, दुसरं नाही.

वाय-फाय. याचं पूर्ण नाव शोधू नका, नाहीच. १९९९ मध्ये एका ब्रँडिंग कंपनीनं 'हाय-फाय'च्या यमकावर केलेलं हे नाव. फ्रान्स आणि स्पेनमध्ये लोक 'वीफी' म्हणतात आणि त्यांचं इंटरनेट व्यवस्थित चालतं.

## मराठीत लिहिणाऱ्याला पळवाट नाही

इंग्रजीत लिहिणारा माणूस या सगळ्या भांडणातून सहीसलामत सुटतो. तो तीन अक्षरं लिहितो, पुढचं वाचणाऱ्यानं बघावं. मला ती सोय नाही. देवनागरीत लिहायचं म्हणजे आवाज लिहायचा. 'गिफ' लिहिलं की मी एका गटात गेलो, 'जिफ' लिहिलं की दुसऱ्या. 'जीआयएफ' लिहिलं तर दोन्ही गट म्हणणार, असं कोण बोलतं?

त्यावर लिंगाचा प्रश्न. गिफ पाठवला, पाठवली की पाठवलं? मी 'पाठवली' म्हणतो, माझी बहीण 'पाठवलं' म्हणते. हे भांडण अमेरिकेतल्या कुठल्याच प्रोग्रामरच्या नशिबात नाही.

पण मराठी माणसाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. आपल्याकडेही एका अक्षराचे दोन उच्चार आहेत. चहातला च वेगळा, चाकातला च वेगळा. जीवातला ज वेगळा, जागेतला ज वेगळा. 'हे जग सुंदर आहे' आणि 'मस्त जग' या दोन वाक्यांत शब्द एकसारखाच लिहिलाय. मोठ्यानं म्हणून बघा, ज बदलतो. हे आपल्याला कोणी नियम सांगून शिकवलं नाही. घरात ऐकून आलं. पुस्तकातून मराठी शिकणारा परप्रांतीय माणूस 'चाक' चुकीचं म्हणतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. त्याच्या घरात तो आवाज नव्हता, एवढंच.

कॉम्प्युटरच्या शब्दांचं अगदी तसंच आहे. ज्याच्या घरात, शाळेत, मित्रांत हे शब्द बोलले जातात त्याला उच्चार फुकट मिळतो. ज्यानं एकट्यानं पुस्तकातून किंवा मोबाइलवर वाचून शिकलंय, त्याला शब्दाचा अर्थ मिळतो, आवाज मिळत नाही. म्हणून चुकलेला उच्चार ऐकला की मला आता उलटंच वाटतं. हा माणूस वाचून शिकलाय.

## मग काय म्हणायचं? माझे साधे नियम

१. टीममध्ये जे चालतं ते म्हणा. नवीन ऑफिसात पहिला आठवडा कान उघडे ठेवा. तिथे सगळे सिक्वेल म्हणत असतील तर सिक्वेल.

२. इंटरव्ह्यूमध्ये अनोळखी शब्द आला तर लगेच 'नाही' म्हणू नका. "सर, स्पेलिंग सांगता का?" एवढं विचारा. मी गच्चीवर हे एक वाक्य बोललो असतो तर बरं झालं असतं.

३. फोनवर कमांड सांगायची असेल तर उच्चार विसरा, अक्षरं सांगा. सर्व्हरवर चुकीच्या फोल्डरमध्ये फाइल उडवण्यापेक्षा 'ई, टी, सी' म्हणणं परवडतं.

४. झेड आणि झी दोन्ही एकच. आपण शाळेत एक्स-वाय-झेड शिकलो, अमेरिकन माणूस 'झी' म्हणतो. म्हणून तर आपल्याकडेही 'जेन झी' आलं.

५. दुसऱ्याचा उच्चार वेगळा असेल तर अडवू नका. पुढच्या वाक्यात तो शब्द तुमच्या पद्धतीनं सहज वापरा. त्याला समजेल, आणि चारचौघांत मान खाली जाणार नाही.

६. निर्मात्याचं मत माहीत असावं, पण ते शेवटचं नसतं. पिंगचं काय झालं ते वर वाचलंतच.

## झटपट यादी

- जी-आय-एफ: जिफ (निर्माता), गिफ. दोन्ही चालतात.
- जे-पी-ई-जी: जेपेग.
- पी-एन-जी: अधिकृत पिंग, व्यवहारात पीएनजी.
- एस-क्यू-एल: एसक्यूएल किंवा सिक्वेल. एकच गोष्ट.
- जी-यू-आय: गूई, किंवा जीयूआय.
- जे-एस-ओ-एन: जेसन.
- सी-एच-ए-आर: चार, कॅर, केअर.
- एस-यू-डी-ओ: सूडू, सूडो.
- ए-एस-सी-आय-आय: आस्की. दोन आय बघून गोंधळू नका.
- यू-आर-एल: यूआरएल. 'अर्ल' म्हणणारेही भेटतात.
- के-यू-बी-ई-सी-टी-एल: क्यूब कंट्रोल, क्यूब सीटीएल, क्यूब कडल. तिन्ही ऐकाल.
- एन-जी-आय-एन-एक्स: इंजिन-एक्स.

## शेवटी, त्या इंजिन-एक्सबद्दल

आता मी कधीकधी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. मागे एक मुलगी इंटरव्ह्यूला आली होती. छोट्या गावातली, सगळं मोबाइलवर आणि नंतर जुन्या लॅपटॉपवर शिकलेली. तिनं स्वतः सर्व्हर उभा केला होता, नीट समजावून सांगत होती. बोलताना ती 'एनजिंक्स' म्हणाली. माझ्या शेजारचा माणूस हसला. मोठ्यानं नाही, नुसतं ओठात. पण तिनं ते पाहिलं. त्यानंतरची तिची उत्तरं दोन-दोन शब्दांची झाली.

मी मध्येच तिला म्हणालो, "मला एसक्यूएलला सिक्वेल म्हणतात हे माहीत नव्हतं, म्हणून एक नोकरी गेली होती. तू सर्व्हरचं सांगत होतीस ते पूर्ण सांग." ती थोडी थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. पुढची वीस मिनिटं तीच बोलत होती. आणि हो, शेवटपर्यंत 'एनजिंक्स'च म्हणत होती. आम्हाला सगळं कळत होतं.

उच्चार तिला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगणार होतं. सर्व्हर उभा करायला तिला दोन वर्षं लागली होती.